अळवावरचे पाणी आणि रुग्णाची नोंद

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ अरबी समुद्रातून उत्तरेकडे सरकत होते, तेव्हा मुंबईतील जम्बो कोविड केंद्रांपुढे एक अवघड प्रश्न उभा राहिला. मोकळ्या मैदानांवर मंडप घालून उभारलेली ही रुग्णालये वादळी वाऱ्याला तोंड देऊ शकतील का? महापालिकेने परीक्षा पाहिली नाही. दहिसर, मुलुंड आणि वांद्रे-कुर्ला संकुल या तीन केंद्रांतील सुमारे ५८० रुग्ण वादळ येण्याआधीच दुसऱ्या रुग्णालयांत हलवण्यात आले.

रुग्ण हलवायचा म्हणजे त्याची नोंदही हलवावी लागते. त्याला ऑक्सिजन किती लागतो, स्टेरॉइड कोणत्या दिवशी सुरू केले, मधुमेह आहे का, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, ही माहिती सोबत पोचली नाही तर नव्या ठिकाणच्या डॉक्टरला सगळे पहिल्यापासून विचारत बसावे लागते. आणि धाप लागलेला रुग्ण उत्तरे देण्याच्या स्थितीत नसतो. मंडप तात्पुरता असला तरी त्यातील माणसाची नोंद तात्पुरती असून चालत नाही.

रुग्णालयांचे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या तंत्रज्ञांना हाच प्रश्न रोज सोडवावा लागतो. अंधेरीच्या सीप्झमध्ये, पवई-चांदिवलीच्या आयटी इमारतींमध्ये किंवा मुलुंड-घाटकोपरच्या एखाद्या छोट्या कार्यालयात बसलेला प्रोग्रॅमर काही मिनिटांत एक तात्पुरता डेटाबेस उभा करतो, काम झाले की मोडून टाकतो. ही सोय उत्तम आहे आणि सुरक्षित आरोग्यसेवेसाठी आवश्यकही आहे. फक्त तिच्यात कोणती माहिती ठेवायची आणि कोणती ठेवायची नाही, हे आधी ठरवावे लागते. हा निर्णय चुकला तर नुकसान रुग्णाचे होते, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो.

न्हावा-शेवापासून सर्व्हरपर्यंत

‘कंटेनर’ हा शब्द मुंबईकरांना नवा नाही. न्हावा-शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणारे ट्रेलर सगळ्यांनी पाहिलेले असतात. पूर्वी जहाजावर गोणी, पिंपे, खोकी असा सुटा माल हमालांकरवी चढवला-उतरवला जाई. अमेरिकेतील माल्कम मॅकलीन या वाहतूक व्यावसायिकाने एप्रिल १९५६ मध्ये ‘आयडियल एक्स’ या जहाजावरून ५८ पेट्या नेवार्कहून ह्यूस्टनला नेल्या आणि मालवाहतुकीचे गणित बदलले. पेटीत काय आहे याच्याशी क्रेनला देणेघेणे राहिले नाही. पेटीचा आकार ठरलेला असला की जहाज, रेल्वे, ट्रेलर यांपैकी कशावरही ती बसते.

सॉफ्टवेअरमध्ये हीच कल्पना उतरली. एखादा प्रोग्रॅम चालायला त्याच्यासोबत अनेक पूरक फायली, ठरावीक आवृत्त्या आणि सेटिंग्ज लागतात. एका संगणकावर नीट चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर अडखळतो, तो बहुतेकदा यामुळेच. हे सगळे साहित्य एका पेटीत बांधून टाकले की ती पेटी कुठल्याही सर्व्हरवर तशीच चालते. सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये ‘डॉकर’ जगापुढे आणल्यावर ही पद्धत सर्वत्र पसरली.

मात्र पेट्या दोन-चार असतील तोवर ठीक. शेकडो झाल्या की कोणती पेटी कोणत्या यंत्रावर ठेवायची, एखादी बंद पडली तर तिच्या जागी दुसरी कोणी सुरू करायची, हे सांभाळणारा कोणीतरी लागतो. त्यासाठी गूगलने २०१४ मध्ये ‘कुबरनेटीस’ ही प्रणाली खुली केली. या ग्रीक शब्दाचा अर्थ सुकाणू धरणारा. वेसाव्याच्या कोळीवाड्यात त्याला तांडेल म्हणतात. तांडेल जसा वारा-पाणी पाहून होडी कुठे वळवायची ते ठरवतो, तसा कुबरनेटीस कोणते काम कोणत्या यंत्रावर जाईल ते ठरवतो. रेड हॅट कंपनीचे ‘ओपनशिफ्ट’ हे व्यासपीठ २०१५ पासून याच पायावर उभे आहे आणि मोठ्या संस्था आपल्या प्रणाली चालवण्यासाठी ते वापरतात. लस प्रमाणपत्रांसाठी भारतात तयार झालेली ‘डिव्होक’ ही मुक्त-स्रोत प्रणालीही अशा कंटेनरांमध्ये चालवता येते. सार्वजनिक आरोग्याशी या तंत्राचा संबंध एव्हाना असा जवळचा आहे.

शेंग वाळली की दाणे गेले

कुबरनेटीसमध्ये एक किंवा अधिक कंटेनर ज्या सर्वांत लहान एककात एकत्र राहतात त्याला ‘पॉड’ म्हणतात. इंग्रजीत पॉड म्हणजे शेंग. शेंगेत जसे दाणे, तसे पॉडमध्ये कंटेनर. पॉड हा मुळातच अल्पायुषी धरलेला असतो. यंत्रावरची मेमरी कमी पडली, यंत्र दुरुस्तीला काढले, प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली, की जुना पॉड काढून टाकला जातो आणि त्याच्या जागी नवा उभा राहतो. संकेतस्थळ दाखवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी हे सोयीचे असते. त्याच्या पोटात स्वतःचे काही साठलेले नसते. जुना गेला, नवा आला, पाहणाऱ्याला फरकही कळत नाही.

डेटाबेसचे तसे नाही. त्याचे कामच साठवण्याचे. नोंदवलेली प्रत्येक ओळ त्याने लक्षात ठेवायची असते. पॉड गेल्यावर ती नोंद कुठे जाते, हा खरा प्रश्न आहे. याला दोन उत्तरे असू शकतात आणि व्यासपीठ ती दोन्ही समोर ठेवते.

पहिल्या प्रकारात पॉडला एक रिकामा कप्पा दिला जातो. पॉड जन्मला की कप्पा तयार होतो, पॉड काढला की कप्प्यासह आतले सारे पुसले जाते. पॉडमधला कंटेनर नुसता कोसळून पुन्हा सुरू झाला, तर या कप्प्यातील माहिती शिल्लक राहते. पॉडच हटवला गेला तर मात्र राहत नाही. या बारकाव्यामुळे अनेकांची फसगत होते. डेटाबेस एकदा-दोनदा बंद पडूनही माहिती जागेवर दिसते, म्हणून ती कायम राहील असा समज होतो. मग एखाद्या रात्री यंत्राची देखभाल निघते, पॉड दुसऱ्या यंत्रावर जन्म घेतो आणि सकाळी डेटाबेस रिकामा सापडतो.

या प्रकाराला ‘इफेमेरल’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ एका दिवसापुरते. मराठीला यासाठी नवा शब्द घडवण्याची गरज नाही. अळवावरचे पाणी म्हटले की पुरे.

दुसऱ्या प्रकारात साठवण पॉडच्या बाहेर, वेगळ्या डिस्कवर असते. पॉड फक्त त्या जागेवर आपला हक्क नोंदवतो. तो गेला तरी जागा राहते आणि नवा पॉड येऊन तिथूनच पुढे काम सुरू करतो. याला ‘पर्सिस्टंट’, म्हणजे टिकाऊ साठवण म्हणतात.

उभा कसा करतात?

तात्पुरता डेटाबेस उभारणे आज फारच सोपे झाले आहे. पूर्वी नवा डेटाबेस हवा असेल तर सर्व्हर मागवा, तो येईपर्यंत थांबा, त्यावर प्रणाली बसवा, परवानग्या मिळवा, यात दिवसच्या दिवस जात. ओपनशिफ्टसारख्या व्यासपीठावर प्रोग्रॅमर आधी स्वतःसाठी एक प्रकल्प उघडतो. तयार साच्यांच्या यादीतून पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल निवडतो. तिथेच एका डेटाबेसचे दोन साचे शेजारी-शेजारी दिसतात, एक इफेमेरल आणि दुसरा पर्सिस्टंट. इफेमेरल साच्याच्या वर्णनात इशारा दिलेला असतो, की पॉड नष्ट झाल्यास साठवलेली माहिती जाईल, त्यामुळे हा साचा केवळ चाचणीसाठी वापरावा.

निवड झाली की डेटाबेसचे नाव, वापरकर्त्याचे नाव आणि मेमरीची मर्यादा भरायची. सहसा ५१२ मेगाबाइट ही मर्यादा आधीच भरलेली असते. पासवर्ड प्रोग्रॅममध्ये उघडा लिहायचा नसतो. तो व्यासपीठाच्या ‘सीक्रेट’ या वेगळ्या कप्प्यात ठेवला जातो. पॉडचा पत्ता दर जन्मागणिक बदलतो, म्हणून व्यासपीठ ‘सर्व्हिस’ नावाचा एक कायमचा दरवाजा उघडून देते. रुग्णालयाचे सॉफ्टवेअर त्या दरवाजाच्या नावाने डेटाबेसशी बोलते, आत कोणता पॉड बसला आहे याची त्याला फिकीर नसते.

मिनिटभरात डेटाबेस तयार होतो, पण रिकामा. त्यात आधी कोष्टकांचा सांगाडा भरावा लागतो, म्हणजे रुग्ण, भेटी, औषधे, तपासण्या अशी कोष्टके आणि त्यांचे परस्परसंबंध. हा सांगाडा आणि नमुना नोंदी एका फाइलमध्ये लिहून ठेवलेल्या असतात, त्यामुळे डेटाबेस कितीही वेळा मोडला तरी पुन्हा तसाच उभा राहतो. काम झाले की सगळा प्रकल्प पुसून टाकायचा. न वापरता पडून राहिलेला डेटाबेस नुसती मेमरी आणि वीज खात नाही, तो विसरलेल्या दरवाजासारखा चोरालाही उपयोगी पडतो.

चाचणी कशाची करायची?

चाचणीचे महत्त्व मुंबईने जवळून पाहिले आहे. १६ जानेवारी २०२१ रोजी देशभर कोविड लसीकरण सुरू झाले. उपनगरांत घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर अशा रुग्णालयांत पहिल्या लशी दिल्या गेल्या. त्यानंतर लगेचच, कोविन ॲपमधील तांत्रिक अडचणींमुळे मुंबईतील लसीकरण १८ जानेवारीपर्यंत स्थगित ठेवत असल्याचे महापालिकेने जाहीर केले. लशीच्या कुप्या होत्या, परिचारिका होत्या, रुग्णालये सज्ज होती; तरी नोंद करणारी प्रणाली अडली की साखळी थांबते, हे त्यावेळी सर्वांना दिसले.

आरोग्याच्या सॉफ्टवेअरला फसवणाऱ्या गोष्टी अनेकदा अगदी साध्या असतात. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत कोणी ‘डी’ने सुरू करतो, कोणी ‘जी’ने. एकाच रुग्णाच्या मग दोन नोंदी होतात. एकीत ॲलर्जी लिहिलेली असते, दुसरीत नसते. चाळीतल्या पाच जणांच्या कुटुंबात मोबाइल क्रमांक एकच असतो. आजींना जन्मतारीख ठाऊक नसते, म्हणून ती १ जानेवारी अशी ठोकून दिली जाते. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, तर अमेरिकी पद्धतीच्या प्रणालीत ४ मार्च. गरोदर महिलेच्या तपासणीच्या तारखेत असा घोळ झाला तर तिच्या पुढच्या सोनोग्राफीचे वेळापत्रकच बिघडते.

देवनागरीची आणखी एक गंमत आहे. ‘क्षी’ हे डोळ्यांना एक अक्षर दिसते. संगणकासाठी ते क, हलन्त खूण, ष आणि दीर्घ वेलांटी असे चार घटक आहेत आणि आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत त्यांना १२ बाइट लागतात. डेटाबेसची जुनी सेटिंग्ज तशीच राहिली तर ‘मीनाक्षी’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटू शकते. हे रुग्णालयाच्या खिडकीवर रांग लागलेली असताना कळण्यापेक्षा तात्पुरत्या डेटाबेसमध्ये आधी कळलेले बरे.

अशा शेकडो शक्यता तपासताना दर वेळी कोरी पाटी लागते. आधीच्या चाचणीची घाण पुढच्या चाचणीत आली तर निकालावर विश्वास ठेवता येत नाही. प्रयोगशाळेत प्रत्येक नमुन्याला नवी परीक्षानळी घेतात, तसाच हा प्रकार. म्हणूनच पुसला जाणारा डेटाबेस येथे दोष नसून गरज आहे. प्रोग्रॅममध्ये बदल केला की आपोआप डेटाबेस उभा राहतो, चाचण्या धावतात आणि डेटाबेस मोडला जातो. काही ठिकाणी हे दिवसातून अनेकदा घडते.

खऱ्या रुग्णांची माहिती चाचणीत नको

येथे एक मोह टाळावा लागतो. चाचणीसाठी नमुना नोंदी तयार करण्यापेक्षा खऱ्या डेटाबेसची प्रत काढून वापरणे सोपे वाटते. परंतु चाचणीच्या जागी कुलपे सैल असतात, पासवर्ड अनेकांना माहीत असतात आणि कोण काय पाहतो यावर फारसे लक्ष नसते. एचआयव्ही चाचणीचा अहवाल, गर्भपाताची नोंद किंवा मानसोपचाराची औषधे अशा जागी जाणे म्हणजे रुग्णाने डॉक्टरवर टाकलेला विश्वास उघड्यावर मांडणे. डेटाबेस संध्याकाळी पुसला गेला, तरी दुपारी कोणी घेतलेली प्रत पुसली जात नाही.

यावर उपाय आहे. संगणकाकडून कृत्रिम रुग्ण तयार करून घेता येतात. अमेरिकेतील मायटर या संस्थेने तयार केलेली ‘सिंथिया’ ही मुक्त-स्रोत प्रणाली कोणत्याही खऱ्या व्यक्तीशी संबंध नसलेल्या रुग्णांचे जन्मापासूनचे वैद्यकीय इतिहास रचते. भारतीय रुग्णालयांसाठी त्यात आपली नावे, आपले पत्ते, आपले आजार यांची भर घालावी लागते. केंद्र सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी ‘सँडबॉक्स’, म्हणजे सरावाचे वेगळे अंगण ठेवले आहे. तिथे आपली प्रणाली सिद्ध केल्यानंतरच खऱ्या व्यवस्थेशी जोडणी मिळते. १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाला जोडलेल्या नोंदी हाताळायच्या, तर एवढी खबरदारी हवीच.

कायद्याचीही नजर आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

तात्पुरते कायमचे होते तेव्हा

खरा धोका निष्काळजी प्रोग्रॅमरपेक्षा घाईत घेतलेल्या निर्णयात असतो. समजा, घाटकोपरमधील एका वस्तीत रक्तदाब आणि मधुमेह तपासणीचे शिबिर आहे. नोंदणीचे ॲप प्रात्यक्षिकासाठी तात्पुरत्या डेटाबेसवर चालत होते. शिबिराची तारीख अचानक अलीकडे आली. ‘आजचा दिवस यावरच चालवू, उद्या हलवू’ असे ठरले. दिवसभरात अनेकांची तपासणी झाली, काहींची साखर धोकादायक पातळीवर आढळली. ‘उद्या फोन करून बोलावू’ असे त्यांना सांगितले गेले. रात्री पॉड बदलला. दुसऱ्या दिवशी फोन कोणाला करायचा, हेच कोणाला माहीत नाही. ज्याची साखर चारशेवर होती तो माणूस मात्र ‘फोन आला नाही, म्हणजे सगळे ठीक असेल’ असे समजून घरी बसतो.

हे उदाहरण कल्पित आहे. अपुऱ्या साधनात महत्त्वाची माहिती ठेवल्याचे परिणाम मात्र खरे असतात. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या काळातील १५,८४१ कोविडबाधितांच्या नोंदी दैनंदिन आकडेवारीत आल्याच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती जुन्या एक्सेल फाइलमध्ये भरली जात होती आणि तिची मर्यादा ६५,५३६ ओळींची होती. पाने भरली, पुढच्या ओळी गळून पडल्या. बाधितांना त्यांचे निकाल मिळाले होते. पण त्यांच्या संपर्कातील लोकांना शोधण्याचे काम कित्येक दिवस लांबले. साथीत तेवढे दिवस फार मोलाचे असतात.

क्षयरोगात तर नोंदीचे आयुष्य थेट उपचाराशी बांधलेले आहे. औषधांना दाद देणाऱ्या साध्या क्षयरोगाचा उपचारही सहा महिने चालतो. कोणता डोस चुकला, थुंकीची तपासणी कधी झाली, रुग्ण मुलुंडहून गावी गेला का, हे सगळे कळत राहावे म्हणून २०१२ मध्ये ‘निक्षय’ ही राष्ट्रीय नोंद प्रणाली सुरू झाली. मधेच नोंद तुटली की उपचार तुटण्याची भीती, आणि उपचार तुटला की औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगाची.

टिकाऊ म्हणजे सुरक्षित नव्हे

यावरून पर्सिस्टंट साचा निवडला की झाले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. टिकाऊ डिस्क पॉडच्या मरणातून वाचवते. माणसाच्या चुकीतून किंवा चोरांपासून नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी ‘गिटलॅब’ या कंपनीत रात्री उशिरा काम करणाऱ्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा दिली आणि मुख्य डेटाबेसमधील सुमारे ३०० गिगाबाइट माहिती काही क्षणांत पुसली गेली. बॅकअपच्या पाच व्यवस्था कागदावर होत्या; त्यांपैकी एकही ऐनवेळी धड उपयोगी पडली नाही. शेवटी सहा तासांपूर्वी हाताने काढून ठेवलेल्या एका प्रतीने कंपनीला तारले. कंपनीने हा सगळा घटनाक्रम स्वतः जाहीर केला, म्हणून जगभरच्या तंत्रज्ञांना त्यातून शिकता आले.

आपल्याकडे २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला. सर्व्हरवरील माहिती कुलूपबंद झाली आणि देशातील सर्वांत मोठ्या रुग्णालयांपैकी एकात सुमारे दोन आठवडे नोंदणी, दाखले, अहवाल यांचे काम कागदावर करावे लागले. हल्ल्यातून बचावलेल्या एका बॅकअप सर्व्हरवरून ई-हॉस्पिटलची माहिती परत मिळवण्यात आली, असे सरकारने नंतर संसदेत सांगितले. तो सर्व्हर बचावला नसता तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी.

म्हणून तंत्रज्ञ ३-२-१ हा साधा नियम पाळायला सांगतात. माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या जागी. मुंबईत ‘दुसरी जागा’ म्हणजे त्याच इमारतीचा दुसरा मजला नव्हे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ वेधशाळेने २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली, तेव्हा तळमजल्यावरच्या फायली आणि संगणक एकत्रच बुडाले होते.

चौथी गोष्ट या नियमात नाही, पण तितकीच महत्त्वाची आहे. प्रत परत वापरून पाहिली पाहिजे. आणि इथे पुन्हा तात्पुरता डेटाबेस कामाला येतो. महिन्यातून एकदा बॅकअपची प्रत कडेकोट बंदोबस्तातील तात्पुरत्या डेटाबेसमध्ये उतरवायची, नोंदींची संख्या जुळते का, शेवटची नोंद कोणत्या वेळेची आहे ते पाहायचे आणि लगेच सगळे पुसून टाकायचे. अग्निशमनाची कवायत जशी आग लागण्याआधी करतात, तशीच ही कवायत.

दवाखान्यांनी काय विचारावे?

बोरिवली किंवा अंधेरीतील छोट्या नर्सिंग होमच्या डॉक्टरांना कुबरनेटीस शिकण्याची गरज नाही. सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला काही प्रश्न मात्र विचारता येतात. आमच्या नोंदी तात्पुरत्या साठवणीत तर नाहीत ना? सर्व्हर आत्ता बंद करून नव्याने सुरू केला तर आज सकाळची नोंद दिसेल का? दाखवा. शेवटचा बॅकअप कधी घेतला आणि तो परत उतरवून शेवटचा कधी पाहिला? चाचणीसाठी आमच्या रुग्णांची खरी माहिती वापरता का? आम्ही तुमची सेवा बंद केली तर आमच्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील? या प्रश्नांना गुळमुळीत उत्तरे मिळाली तर करार करण्याआधी थांबलेले बरे. कारण नोंदीची जबाबदारी अखेर डॉक्टरवरच येते. दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षे जपाव्यात आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्यात, असे भारतीय वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. सर्व्हर पुसला गेला, हे त्यावरचे उत्तर होऊ शकत नाही.

रुग्णांच्याही हातात थोडे आहेच. डिस्चार्ज कार्ड, ॲलर्जीची नोंद, चालू औषधांची यादी आणि शेवटचे रक्त-अहवाल यांची एक प्रत घरी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आणि एक फोटो मोबाइलमध्ये असावा. शिबिरात तपासणी झाली तर ‘फोन करू’ या आश्वासनावर न थांबता आकडा कागदावर लिहून मागावा. फोन आला नाही म्हणजे अहवाल चांगला आहे असे कधीही गृहीत धरू नये. आठवड्याभरात निरोप आला नाही तर आपणहून जाऊन विचारावे.

तात्पुरता डेटाबेस ही शाळेतल्या पाटीसारखी वस्तू आहे. चुका करायला, पुसायला आणि पुन्हा गिरवायला तिच्यासारखी दुसरी जागा नाही. सराव पाटीवर चांगला होतो. माणसाच्या आजाराची नोंद मात्र वहीतच लिहायची असते, आणि त्या वहीची एक प्रत दुसऱ्या घरी ठेवायची असते.